आधी स्वतःला टोचली

फ्लूची लस घेण्यास रुग्णालयांतील कर्मचारीच कचरतात, तेव्हा वाल्डेमार हाफकिन आठवतात. जन्म १८६०चा, ओडेसा येथील. १८९६मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. पुढे तो ठाणे-कल्याणातही शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या प्रयोगशाळेत हाफकिन यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप भरला, अंग ठणकले. भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांची पाळी त्यानंतरची. हा क्रम महत्त्वाचा! १९०२मध्ये पंजाबात मलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो पुसला जाण्यास १९०७ उजाडले. १९३०मध्ये लोझान येथे ते निवर्तले. परळच्या संस्थेला १९२५मध्येच त्यांचे नाव देण्यात आले होते.