सुरवंटांच्या सहवासात

पावसाळ्याच्या रात्री दिवा लागला की त्याच्याभोवती लहानमोठे पतंग घिरट्या घालू लागतात. कोणी राखी रंगाचा असतो, कोणी पिवळसर. कोणाच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. सकाळी त्यांपैकी काही भिंतीवर निश्चल बसलेले आढळतात. हे पतंग आले कोठून? त्यांचे बालपण कोठे गेले? कोणत्या झाडाची पाने खाऊन ते वाढले? असे प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतात? इ. स. १६६० मध्ये जर्मनीतील एका तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात ते आले आणि त्यांची उत्तरे शोधण्यात तिने आपले सारे आयुष्य वेचले. त्या मुलीचे नाव मारिया सिबिला मेरियन.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी फ्रँकफुर्ट शहरात झाला. तिचे वडील माथेउस मेरियन हे नामांकित प्रकाशक होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून ती कागदावर छापण्याच्या कलेत त्यांचा हातखंडा होता. मारिया अवघी तीन वर्षांची असताना ते वारले. पुढे तिच्या आईने याकोब मारेल या चित्रकाराशी विवाह केला. मारेल फुलांची चित्रे काढण्यात निष्णात होते. या सावत्र वडिलांनी मारियाच्या हातात कुंचला दिला. रंग कसे मिसळावेत, पाकळीवरील छटा कशी उतरवावी, हे सारे तिने घरातच आत्मसात केले.

तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. तुतीची पाने खाऊन ते भराभर वाढत, मधूनमधून कात टाकीत आणि शेवटी स्वतःभोवती रेशमाचा कोश विणून त्यात दिसेनासे होत. काही दिवसांनी त्या कोशातून पांढुरका पतंग बाहेर येई, अंडी घाली आणि मरून जाई. अंड्यातून पुन्हा अळी! हे चक्र पाहून मारिया थक्क झाली. रेशमाच्या किड्याप्रमाणे इतर सुरवंटांचेही असेच होत असेल का, असा विचार तिच्या मनात आला. बागेत, शेताच्या बांधावर, गावाच्या तटाजवळ, जेथे मिळेल तेथून ती सुरवंट गोळा करू लागली.

तिच्या या छंदाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचा समज लक्षात घेतला पाहिजे. किडे चिखलातून, सडक्या मांसातून, कुजलेल्या पानांतून आपोआप उत्पन्न होतात, असे भल्याभल्या विद्वानांनाही वाटत असे. इटलीतील फ्रान्चेस्को रेडी यांनी मांसाच्या भांड्यावर तलम वस्त्र बांधून दाखविले की माशी आत गेली नाही तर मांसात अळ्या होत नाहीत. त्यांचा हा प्रयोग १६६८ मध्ये प्रसिद्ध झाला. मारियाचे निरीक्षण त्याच्या आठ वर्षे आधी सुरू झाले होते. लोक ज्यांच्याकडे किळसवाणे जीव म्हणून पाहत, त्यांना ती आपल्या खोलीत पेट्यांमध्ये वाढवीत होती.

१६६५ मध्ये मारियाचा विवाह योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाला. १६७० मध्ये हे कुटुंब न्यूर्नबर्ग शहरी राहावयास गेले. मारियाला योहाना आणि डोरोथेया अशा दोन मुली झाल्या. घर, मुली आणि संसार सांभाळून ती श्रीमंतांच्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवी. या विद्यार्थिनींमुळे शहरातील सुंदर बागांची दारे तिला खुली झाली आणि तेथील झाडांवरचे सुरवंटही तिला मिळू लागले.

तिची अभ्यासाची रीत साधी, पण अतिशय चिकाटीची होती. सुरवंट ज्या झाडावर सापडे, त्या झाडाची पाने ती त्याला रोज ताजी आणून देई. प्रत्येक सुरवंटाचे खाणे ठरलेले असते आणि आपली वनस्पती मिळाली नाही तर अनेक सुरवंट उपाशी मरतात, हे तिच्या ध्यानात आले. भुकेलेले काही सुरवंट एकमेकांनाच खातात, हेही तिने पाहिले. सुरवंट कात कधी टाकतो, कोश कधी करतो, कोशातून पतंग किती दिवसांनी निघतो, याची ती तारीखवार नोंद ठेवी. शेजारी चर्मपत्रावर त्याचे हुबेहूब चित्र काढी. कधी कोशातून अपेक्षित पतंगाऐवजी लहानलहान माश्या बाहेर पडत. एक कीटक दुसऱ्याच्या शरीरात अंडी घालतो आणि त्यावर त्याची पिले पोसली जातात, हे गूढ त्या वेळी उलगडलेले नव्हते. तरीही जे डोळ्यांना दिसले, ते तिने जसेच्या तसे लिहून ठेवले.

१६७९ मध्ये तिचा सुरवंटांवरील पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ५० चित्रे होती. १६८३ मध्ये तेवढ्याच चित्रांचा दुसरा भाग निघाला. या चित्रांची मांडणी नवी होती. इतर चित्रकार मेलेले कीटक रांगेने मांडून रेखाटीत. मारियाच्या चित्रात मध्यभागी वनस्पती असे. पानावर सुरवंट, फांदीवर कोश आणि फुलापाशी पंख पसरलेला पतंग. एका दृष्टिक्षेपात त्या जीवाची सगळी जीवनकथा समोर उभी राही.

या काळात तिच्या संसारावर मात सावली पडली होती. पतीशी तिचे पटेनासे झाले. सावत्र वडिलांच्या निधनानंतर ती फ्रँकफुर्टला आईकडे आली आणि १६८५ मध्ये आई व दोन्ही मुली यांच्यासह हॉलंडच्या उत्तरेकडील फ्रीजलंड प्रांतात गेली. तेथे साधेपणाने एकत्र राहणाऱ्या एका धर्मपंथाच्या वसाहतीत तिने काही वर्षे काढली. १६९० मध्ये आईचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी मारिया मुलींना घेऊन ॲमस्टरडॅमला आली. आता स्वतःच्या कुंचल्यावर पोट भरावयाचे होते.

ॲमस्टरडॅम हे तेव्हा मोठे व्यापारी बंदर होते. जगाच्या कानाकोपऱ्यातून जहाजे तेथे येत. मसाले, साखर आणि कापड यांबरोबर परदेशांतील पतंग, फुलपाखरे आणि शिंपलेही येत. धनिकांच्या घरी अशा वस्तूंचे मोठमोठे संग्रह होते. मारियाने ते पाहिले. हाताच्या पंजाएवढे पतंग तेथे टाचणीने टोचून ठेवलेले होते. त्यांचे रंग पाहून तिला आनंद झाला, पण तिचे समाधान झाले नाही. या पतंगाचा सुरवंट कसा होता? तो कोणत्या झाडावर राही? त्याने कोश केला तो पानात की मातीत? हे संग्राहकाला ठाऊक नव्हते. पंख होते, पण त्यांच्यामागचे जीवन नव्हते. ज्या देशात ते पतंग जगतात तेथेच जाऊन पाहिल्याशिवाय त्यांची खरी ओळख होणार नाही, हे मारियाला कळून चुकले.

तो देश होता सुरिनाम. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील ही डचांची वसाहत दाट अरण्यांनी वेढलेली होती. तेथे जाण्यास दोन महिन्यांचा समुद्रप्रवास करावा लागे. मारियाचे वय बावन्न वर्षांचे होते. कोणा राजाचा तिला आश्रय नव्हता, कोणत्या संस्थेची मदत नव्हती. तिने आपली अडीचशेहून अधिक चित्रे विकून पैसा उभा केला. परत येऊ की नाही याची शाश्वती नसल्याने मृत्युपत्र करून ठेवले आणि जून १६९९ मध्ये धाकटी मुलगी डोरोथेया हिला बरोबर घेऊन ती जहाजावर चढली. केवळ निसर्गाच्या अभ्यासासाठी स्त्रीने एवढा दूरचा प्रवास स्वतःच्या खर्चाने करावा, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती.

सुरिनामचे मुख्य ठिकाण पारामारिबो. तेथे राहून मायलेकी आसपासचे रान धुंडाळू लागल्या. ऊन असह्य होते, हवा दमट होती. जमविलेल्या कीटकांवर मुंग्या तुटून पडत. काट्याकुट्यांनी भरलेल्या अरण्यात कुऱ्हाडीने वाट करून मगच पाऊल टाकता येई. तेथील गोऱ्या मळेवाल्यांना उसाखेरीज दुसरे काही दिसत नसे. साखरेच्या देशात येऊन ही बाई अळ्या वेचते, म्हणून ते तिची थट्टा करीत.

तिला खरी मदत केली ती तेथील मूळ रहिवाशांनी आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. रानातील वाट त्यांनी मोकळी केली, सुरवंट आणि अळ्या त्यांनी आणून दिल्या, कोणत्या झाडाचा काय उपयोग हे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडून कळलेल्या गोष्टी मारियाने आपल्या ग्रंथात नोंदविल्या. मळेवाले त्यांना किती क्रूरपणे वागवितात, हेही लिहिले. तरीही ज्यांच्या श्रमांवर तिचे कार्य उभे राहिले, त्या माणसांची नावे तिच्या ग्रंथात नाहीत. तिचा गौरव करताना त्या अनाम साहाय्यकांचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

सुरिनामच्या झाडांवर मारियाला नवे जगच सापडले. अननस, पेरू, पपई आणि केळ या आपल्या ओळखीच्या झाडांची चित्रे तिच्या ग्रंथात आहेत. नारिंगाच्या जातीच्या एका झाडावर तिला मोठे सुरवंट मिळाले. त्यांच्या कोशातून निघालेल्या पतंगाच्या पंखांवर काचेच्या खिडकीसारखे पारदर्शक भाग होते. त्या कोशाच्या धाग्यापासून चांगले रेशीम निघू शकेल, असे तिला वाटले. आपल्या विदर्भात ऐन आणि अर्जुन या झाडांवर ज्याच्या अळ्या वाढवितात, तो टसर रेशमाचा पतंग याच कुळातला आहे. निळ्या झळाळीचे एक फुलपाखरू तिने भिंगाखाली धरले, तेव्हा त्याच्या पंखांवर छपरावरील कौलांप्रमाणे ओळीने बसविलेले खवले तिला दिसले.

दोन वर्षे पुरी होण्याआधीच तिला तापाने घेरले. प्रकृती इतकी ढासळली की जून १७०१ मध्ये तिला परतीचे जहाज धरावे लागले. तिच्याबरोबर चित्रे, नोंदी, मद्यार्कात ठेवलेले प्राणी, दाबून सुकविलेली फुलपाखरे आणि पतंग होते. सुरिनामची एक मूळ रहिवासी स्त्रीही तिच्यासोबत ॲमस्टरडॅमला आली.

त्यानंतर चार वर्षे ती ग्रंथाच्या कामात गढून गेली. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांच्या रूपांतराविषयीचा तिचा भव्य ग्रंथ डच आणि लॅटिन भाषांत प्रसिद्ध झाला. त्यात ६० ताम्रपटांवरील चित्रे होती. पतंगांना शास्त्रीय नावे देण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. ती रूढ करणारे स्वीडनचे कार्ल लिनियस १७०७ मध्ये जन्मले. पुढे अनेक जातींना नावे देताना त्यांनी मारियाच्या चित्रांचा आधार घेतला.

मारियाच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे नाही. पंख पसरले असता एक फुटाच्या जवळपास भरणारा एक करडा पतंग तिने रेखाटला आहे. त्याच्या शेजारी तिने जो सुरवंट दाखविला तो त्या पतंगाचा नसावा, असे आजचे अभ्यासक मानतात. उलट, पक्ष्याला खाणारा मोठा कोळी तिने काढला, तेव्हा पुढील काळातील काही पंडितांनी तिला खोटे ठरविले. अखेर हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात तसाच कोळी पक्ष्यावर बसलेला पाहिला आणि १८६३ मध्ये आपल्या पुस्तकात तशी नोंद केली. जेथे तिची चूक झाली तेथे नव्या निरीक्षणानेच ती दाखविली आणि जेथे ती खरी होती तेथेही निरीक्षणानेच तिला न्याय दिला.

१७१५ मध्ये मारियाला पक्षाघाताचा झटका आला. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅम येथे तिचे निधन झाले. मृत्यूच्या नोंदीत तिची गणना निर्धनांत केलेली आहे. त्याच सुमारास रशियाचा सम्राट पीटर याच्यासाठी तिची कितीतरी चित्रे विकत घेण्यात आली. त्याच वर्षी सुरवंटांवरील ग्रंथाचा तिसरा भाग डोरोथेयाने प्रसिद्ध केला. जिच्यात मारियाने आयुष्यभराच्या नोंदी केल्या होत्या, ती अभ्यासवही आजही सेंट पीटर्झबर्ग येथे जपून ठेवलेली आहे. त्या वहीतील पहिली नोंद आहे तेराव्या वर्षी पाहिलेल्या रेशमाच्या किड्याची.

१९९२ मध्ये जर्मनीने पाचशे मार्कांच्या नोटेवर मारियाचे चित्र छापले. नोटेच्या दुसऱ्या बाजूस तिच्या रीतीप्रमाणे एक रानफूल, एक सुरवंट आणि एक पतंग होता. आता ते चलनही राहिले नाही. परंतु कोणत्याही देशात एखादा अभ्यासक पतंगाची ओळख पटविताना त्याची अळी कोणत्या पानावर वाढते हे विचारतो, तेव्हा तो मारियाच्याच वाटेने चालत असतो. पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर पतंग दिसला तर त्याला हाकलू नका. क्षणभर थांबा, नीट पाहा आणि तो कोणत्या झाडावरून आला असेल याचा शोध घ्या.