तिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर

१९१९ च्या सप्टेंबर महिन्यात व्हिएन्नातील कुंडमानगासे या रस्त्यावरील शिक्षक प्रशिक्षण विद्यालयात एका वेगळ्याच विद्यार्थ्याने प्रवेश घेतला. वर्गातील इतर मुले १७-१८ वर्षांची, तर हा ३० वर्षांचा. अंगावर युद्धातून परतलेल्या सैनिकाचा गणवेश. काही आठवड्यांपूर्वीच तो इटलीतील युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटून आला होता. प्राथमिक शाळेत शिकवण्याचा परवाना मिळवणे, एवढाच त्याचा उद्देश होता. त्याच्यापाशी एका छोट्या ग्रंथाचे हस्तलिखित होते आणि त्या ग्रंथाने तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न निकालात काढले आहेत, अशी त्याची ठाम समजूत होती. या विद्यार्थ्याचे नाव लुडविग विटगेनस्टाइन.

विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी तत्त्वज्ञांमध्ये विटगेनस्टाइनची गणना होते. त्याच्या शिक्षकी पेशाच्या वर्षांकडे मात्र बरेचदा दोन मोठ्या ग्रंथांमधील विश्रांतीचा काळ म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्या वर्षांत विश्रांती कुठेच नव्हती.

२६ एप्रिल १८८९ रोजी व्हिएन्नात जन्मलेला लुडविग आठ भावंडांत सर्वांत धाकटा. वडील कार्ल हे पोलाद उद्योगातील बडे प्रस्थ. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील अत्यंत धनाढ्य घराण्यांत या कुटुंबाचे नाव घेतले जाई. ब्राम्ससारख्या संगीतकाराची घरी ये-जा होती. या वैभवाला दुःखाची काळी किनारही होती. लुडविगच्या तीन थोरल्या भावांनी आपले आयुष्य आपल्याच हाताने संपवले, असे मानले जाते. चौथा भाऊ पाऊल हा पियानोवादक. त्याने महायुद्धात उजवा हात गमावला आणि पुढे केवळ डाव्या हाताने वादन करून नाव मिळवले.

चौदाव्या वर्षापर्यंत लुडविगचे शिक्षण घरीच झाले. पुढे लिंझ आणि बर्लिन येथे शिकून १९०८ मध्ये तो विमानविद्येच्या अभ्यासासाठी मँचेस्टरला गेला. विमानाच्या पंख्याचा आराखडा करता करता त्याला गणिताची ओढ लागली आणि गणिताच्या पायाविषयीच्या प्रश्नांनी त्याला १९११ मध्ये केंब्रिजला बर्ट्रांड रसेलच्या दारात आणून सोडले. थोड्याच अवधीत रसेलची खात्री पटली, की आपले अपुरे काम पुढे नेणारा माणूस हाच.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. प्रकृतीच्या कारणाने सक्तीच्या सैनिकी सेवेतून सूट मिळालेली असतानाही विटगेनस्टाइन स्वेच्छेने सैन्यात भरती झाला. आघाडीवरची सर्वांत धोक्याची जागा त्याने मागून घेतली आणि शौर्यपदके मिळवली. खंदकांमध्ये त्याच्या पाठपिशवीत दोन गोष्टी कायम असत. एक, तर्कशास्त्रावरील टिपणवह्या आणि दुसरी, टॉलस्टॉयने सोप्या भाषेत सांगितलेली येशूची शिकवण. पहिल्यातून पुढे ‘ट्रॅक्टेटस’ हा ग्रंथ आकाराला आला. दुसरीने त्याच्या जगण्याची दिशा बदलली. मे १९१८ मध्ये केंब्रिजमधील त्याचा जिवलग मित्र डेव्हिड पिन्सेंट विमान अपघातात मरण पावला. नोव्हेंबरमध्ये स्वतः विटगेनस्टाइन इटालियन सैन्याच्या हाती सापडला. मोंते कॅसिनो येथील छावणीत त्याची गाठ लुडविग हेन्सेल या शिक्षकाशी पडली. तेथेच, युद्ध संपल्यावर खेड्यातील मुलांना शिकवायचे, हा त्याचा निश्चय पक्का झाला.

व्हिएन्नात परतताच त्याने वडिलांकडून वारशाने आलेली संपत्ती भावंडांच्या नावे करून टाकली. त्यातला एक पैसाही पुन्हा आपल्याकडे येऊ नये, अशी तजवीज करण्याचा त्याचा आग्रह होता. कागदपत्रे तयार करणारा वकील हवालदिल झाला, पण घरच्यांनी त्याचे मन ओळखले. नंतर प्रासादतुल्य घर सोडून तो भाड्याच्या खोलीत राहू लागला आणि तेथून विद्यालयात जाऊ लागला.

थोरली बहीण हर्मिना हिला मात्र हे पटेना. इतक्या कुशाग्र बुद्धीच्या माणसाने प्राथमिक शिक्षक होणे म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाच्या यंत्राने लाकडी खोकी फोडण्यासारखे आहे, असे तिने बोलून दाखवले. त्यावर लुडविगने तिला एक दृष्टांत दिला. बंद खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या चमत्कारिक हालचाली दिसतात. पण बाहेर वादळ सुटले आहे आणि तो माणूस महत्प्रयासाने पायांवर उभा आहे, हे आत बसलेल्याला कळत नाही. हर्मिनाने पुन्हा वाद घातला नाही.

विद्यालयातील दिवस सोपे नव्हते. ज्याने तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले, ज्याच्याशी रसेल बरोबरीच्या नात्याने वाद घालत असे, त्याला आता किशोरवयीन मुलांच्या रांगेत बसून गृहपाठ करावा लागत होता. त्या बाकावर बसताना वाटणाऱ्या अवघडलेपणाची कबुली त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांत दिली आहे. त्याच हिवाळ्यात प्रकाशकांमागून प्रकाशक त्याचा ग्रंथ नाकारत होते. डिसेंबर १९१९ मध्ये तो हेग येथे रसेलला भेटला आणि ग्रंथातील वाक्यन् वाक्य त्याला समजावून दिले. या प्रवासाचा खर्च निघावा म्हणून केंब्रिजमध्ये मागे राहिलेले त्याचे सामान रसेलनेच विकत घेतले होते.

ऑस्ट्रियाच्या शिक्षणक्षेत्रात तेव्हा नवे वारे वाहत होते. राजेशाही संपली होती आणि ओट्टो ग्लॉकेल या समाजवादी नेत्याच्या पुढाकाराने शालेय सुधारणांची चळवळ उभी राहत होती. मुलांनी पाठांतर न करता स्वतः पाहून, हाताळून, करून शिकावे, हे तिचे सूत्र होते. विटगेनस्टाइनला चळवळीच्या घोषणांत रस नव्हता, पण हे सूत्र त्याच्या वर्गात मात्र उतरले. जुलै १९२० मध्ये त्याला शिक्षकाचा परवाना मिळाला. उन्हाळ्याची सुटी एका मठाच्या बागेत माळीकाम करून काढल्यावर तो नोकरीवर रुजू होण्यास निघाला. प्रथम नेमून दिलेल्या गावात बगीचा आणि कारंजे पाहून त्याने ते नाकारले; त्याला अस्सल खेडे हवे होते. अखेर व्हिएन्नाच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातले ट्राटेनबाख हे गरीब गाव त्याच्या वाट्याला आले.

तेथील मुलांना असा शिक्षक कधी लाभला नव्हता. त्याने मुलांकडून वाफेच्या यंत्राची प्रतिकृती करवून घेतली. मेलेल्या मांजराची हाडे स्वच्छ करून तिचा सांगाडा जुळवला. सूक्ष्मदर्शकातून इवले जीव दाखवले. सहलीसाठी तो मुलांना व्हिएन्नाला नेई आणि तेथील इमारतींच्या बांधणीचे मर्म उलगडून सांगे. परतताना रात्रीच्या अंधारात जंगलातून चालत येताना वाटेतले दगड आणि झाडे ओळखायला लावी. गावच्या गिरणीतील बंद पडलेले वाफेचे यंत्र त्याने चार कामगारांना तालात हातोडे मारायला लावून सुरू करून दिले, ही हकिगत गावात दीर्घकाळ सांगितली जात होती. एका हुशार मुलाला तो शाळा सुटल्यावर रोज तास न् तास वेगळे शिकवीत असे.

परंतु याच वर्गाची दुसरी बाजू काळोखी होती. सकाळचे पहिले दोन तास गणिताचे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तो बीजगणित शिकवी आणि ज्यांना ते उमगत नसे, त्यांच्यावर त्याचा संताप कोसळे. कान पिळणे, केस ओढणे, थोबाडीत मारणे हे नित्याचे होते आणि यातून मुलीही सुटत नसत. खेड्यातल्या शाळेत छडी त्या काळी कोणाला नवी नव्हती. पण गणित येत नाही म्हणून मुलीचे केस उपटणारा शिक्षक गावकऱ्यांना सहन होईना. ज्यांच्यासाठी त्याने सर्वस्व सोडले होते, त्या गावकऱ्यांविषयी त्याच्या मनात कडवटपणा साठत गेला. गावकऱ्यांनाही हा श्रीमंत घरचा विक्षिप्त मास्तर परकाच वाटला. मुलांना हाती वस्तू देऊन कसे शिकवावे, हे त्याला उत्तम साधले होते. ज्या मुलाला समजत नाही, त्याच्यापाशी थांबण्याचा धीर मात्र त्याच्याजवळ नव्हता आणि तो कोणत्याही परवान्याबरोबर मिळत नाही.

१९२२ मध्ये ट्राटेनबाख सोडून तो पुखबर्ग येथे आला. त्याच वर्षी ‘ट्रॅक्टेटस’ लंडनमध्ये इंग्रजी अनुवादासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी केंब्रिजमधील २० वर्षांचा गणिती फ्रँक रॅम्सी त्याचा शोध घेत पुखबर्गला पोहोचला. दिवसभर शाळा आणि त्यानंतर रोज कित्येक तास ग्रंथाचे वाचन, असे सुमारे दोन आठवडे चालले. जग ज्याला शोधत होते, तो तत्त्वज्ञ एका छोट्याशा खोलीत अत्यंत साधेपणाने राहत असलेला रॅम्सीने पाहिला.

१९२४ पासून ओटरटाल येथे शिकवत असताना विटगेनस्टाइनने आणखी एक पुस्तक सिद्ध केले. शब्दकोश महाग असत आणि खेड्यातल्या मुलांना परवडत नसत. म्हणून तो मुलांकडून त्यांच्या नित्य वापरातील शब्दांच्या वह्या तयार करून घेई. आपण लिहिलेला शब्द बरोबर आहे की नाही, हे मुलाने स्वतः पडताळावे आणि आपल्या लेखनाची जबाबदारी स्वतः घ्यावी, हा त्यामागचा विचार होता. त्यातूनच १९२६ मध्ये प्राथमिक शाळांसाठीचा त्याचा छोटा शब्दकोश व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने त्याचे दोनच ग्रंथ प्रसिद्ध झाले. एक ‘ट्रॅक्टेटस’ आणि दुसरा हा मुलांचा शब्दकोश.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये या पर्वाचा अंत झाला. ११ वर्षांचा एक अशक्त मुलगा उत्तर देण्यास चाचरला. विटगेनस्टाइनने त्याच्या डोक्यावर दोन-तीन फटके मारले आणि मुलगा बेशुद्ध होऊन कोसळला. विटगेनस्टाइनने वर्ग सोडून दिला, मुलाला उचलून मुख्याध्यापकांच्या खोलीत नेले आणि डॉक्टरला बोलावणे पाठवले. त्यानंतर एका संतप्त पालकाने त्याला जाब विचारला. २८ एप्रिलला त्याने राजीनामा दिला. शाळा निरीक्षकाने त्याला परोपरीने समजावले, पण तो बधला नाही. पुढच्या महिन्यात ग्लॉगनिट्झ येथील न्यायालयात त्याला उभे राहावे लागले.

सात वर्षांपूर्वी जेथून सुरुवात केली, त्याच कुंडमानगासे रस्त्यावर तो परतला, तो बहिणीचे घर बांधण्यासाठी. मार्गारेटा या बहिणीच्या घराचे काम त्याने पाऊल एंगेलमान या वास्तुरचनाकाराच्या साथीने १९२८ पर्यंत पुरे केले. दारांच्या मुठी आणि तापकांची मापेदेखील त्याने मिलिमीटरपर्यंत ठरवली. निर्जीव वस्तूंपाशी त्याचा काटेकोरपणा कोणाला जखमी करत नव्हता.

जानेवारी १९२९ मध्ये तो केंब्रिजला परतला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा रीतसर विद्यार्थी झाला. डॉक्टरेटसाठी त्याचा मार्गदर्शक होता १४ वर्षांनी लहान असलेला रॅम्सी, तर प्रबंध म्हणून सादर झाला तो ‘ट्रॅक्टेटस’च. १९३९ मध्ये तो प्राध्यापक झाला. या काळात त्याचे तत्त्वज्ञान मुळापासून बदलले. शब्द म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. शब्दाचा अर्थ माणसे तो कसा वापरतात त्यात असतो, असे तो मांडू लागला. एखाद्या शब्दाचा अर्थ कळेनासा झाला, की तो विद्यार्थ्यांना विचारी, की हा शब्द लहान मुलाला आपण कसा शिकवतो? १९५३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या महान ग्रंथाचा आरंभही मूल भाषा कसे शिकते याच्या चर्चेनेच होतो. या विचाराची बीजे केवळ खेड्यातील वर्गांत शोधणे योग्य नव्हे. पण मुलांच्या हातून शब्द गिरवून घेतलेल्या माणसाचा अनुभव त्यात जाणवल्यावाचून राहत नाही.

मात्र त्या वर्गांतील मुलांचे काय? विटगेनस्टाइन त्यांना विसरला नव्हता. एका मुलीला मारूनही मुख्याध्यापकांपुढे आपण ते नाकारले, ही गोष्ट त्याला वर्षानुवर्षे डाचत होती. निकटच्या मित्रांना एकेक गाठून त्याने आपल्या अपराधांची कबुली दिली. १९३६ च्या सुमारास तो ओटरटालला गेला आणि ज्यांना मारले होते, त्यांच्या घरी जाऊन त्याने क्षमा मागितली. विद्यार्थी आता मोठे झाले होते. काहींनी उदार मनाने क्षमा केली. पूर्वी केस आणि कान ओढल्याचे सोसलेल्या एका मुलीने मात्र नुसता तुटक हुंकार दिला. क्षमा करावी की नाही, हा तिचा अधिकार होता आणि तो मान्य करूनच विटगेनस्टाइन तिच्या दारी गेला होता.

२९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिजमध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले. १९७६ पासून ट्राटेनबाखजवळच्या किर्शबर्ग गावी त्याच्या विचारांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरू लागले आणि जगभरचे अभ्यासक त्या डोंगरांत येऊ लागले. तिसाव्या वर्षी बाकावर बसून विटगेनस्टाइन शिकवण्याची पद्धत शिकला होता. आपण चुकलो, हे आपल्याच विद्यार्थ्यासमोर उभे राहून सांगण्याचा धडा त्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी, कोणत्याही विद्यालयाबाहेर, एकट्यानेच गिरवावा लागला.