इसाय शूर
इसाय शूर (१० जानेवारी १८७५ – १० जानेवारी १९४१) हे बर्लिनमध्ये कार्य केलेले ज्यू गणितज्ञ होते. गटांचा प्रतिनिधान सिद्धांत, आव्यूह अर्थात मॅट्रिक्स आणि संख्या सिद्धांत या क्षेत्रांत त्यांनी मूलभूत संशोधन केले. संख्यांच्या दोन संचांपैकी कोणता अधिक विषम आहे हे ठरवणाऱ्या ‘मेजरायझेशन’ या क्रम-संकल्पनेच्या विकासात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

जीवन

शूर यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आताच्या बेलारूसमधील मोगिल्येव येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी ते शिक्षणासाठी सध्याच्या लाटव्हियातील लिबाऊ येथे बहिणीकडे गेले. तेथील शाळेचे माध्यम जर्मन होते. १८९४ साली त्यांनी बर्लिन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९०१ साली फ्रोबेनिउस यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. काही वर्षे बॉन येथे अध्यापन करून ते १९१६ साली बर्लिनला परतले. १९१९ साली ते तेथे पूर्णवेळ प्राध्यापक झाले. रिचर्ड ब्राउअर, रिचर्ड राडो व हेल्मुट व्हीलांट हे त्यांचे विद्यार्थी होत. श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली रॉजर्स–रामानुजन नित्यसमीकरणे शूर यांनीही १९१७ साली स्वतंत्रपणे शोधून सिद्ध केली होती.

क्रम-संकल्पनेतील कार्य

बेरीज समान असलेले दोन संच उतरत्या क्रमाने मांडले आणि पहिल्या संचातील सर्वांत मोठी संख्या, मोठ्या दोन संख्यांची बेरीज, मोठ्या तिनांची बेरीज अशी प्रत्येक आंशिक बेरीज दुसऱ्या संचातील तशाच बेरजेपेक्षा कमी नसेल, तर पहिला संच दुसऱ्याला मेजराइझ करतो. उदाहरणार्थ, (४, २, ०) हा संच (३, २, १) पेक्षा आणि तो (२, २, २) पेक्षा वरचढ ठरतो. मात्र प्रत्येक जोडीची अशी तुलना होत नाही. (६, ३, ३) आणि (५, ५, २) यांत पहिली संख्या पहिल्या संचात मोठी आहे, तर पहिल्या दोन संख्यांची बेरीज दुसऱ्या संचात मोठी आहे.

१९२३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शूर यांनी हर्मिशियन आव्यूहाची आयगेन मूल्ये त्याच्या मुख्य कर्णावरील संख्यांना मेजराइझ करतात, हे सिद्ध केले. ज्या आव्यूहाच्या ओळी (२, १) व (१, २) आहेत, त्याच्या कर्णावर २ आणि २ या संख्या येतात, तर आयगेन मूल्ये ३ आणि १ असतात. निश्चयकांविषयीची हादामार यांची असमता याच विचारातून मिळते. संच अधिक विषम झाला असता ज्यांचे मूल्य कमी होत नाही, त्या फलनांना आज शूर-बहिर्वक्र फलने म्हणतात. वर्गांची बेरीज हे त्याचे सोपे उदाहरण आहे. वरील तीन संचांसाठी ती अनुक्रमे २०, १४ व १२ येते.

नाझी राजवट आणि अखेर

१९३३ साली नाझी सत्तेवर येताच शूर यांना अध्यापनापासून दूर करण्यात आले. सहकारी एर्हार्ट श्मिट यांच्या प्रयत्नांमुळे त्यांना काही काळ मर्यादित अध्यापन करता आले, परंतु १९३५ साली त्यांची नोकरी कायमची गेली. परदेशांतून आलेली निमंत्रणे त्यांनी याआधी नाकारली होती. १९३८ साली दबावाखाली त्यांना प्रशियन अकादमीचे सदस्यत्व सोडावे लागले. १९३९ साली देश सोडताना त्यांना मालमत्तेवर जबर कर भरावा लागला. पॅलेस्टाइनमध्ये आर्थिक ओढाताणीमुळे त्यांनी आपला ग्रंथसंग्रहही विकला. आपल्या ६६ व्या वाढदिवशी तेल अवीव येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

हार्डी, लिटलवुड व पोया यांनी १९३४ साली असमतांवरील ग्रंथात या क्रमाची सुसंगत मांडणी केली. शूर यांच्या प्रमेयाचा व्यत्यास आल्फ्रेड हॉर्न यांनी १९५४ साली सिद्ध केला. दोन्ही मिळून त्यास शूर–हॉर्न प्रमेय म्हणतात. १९७९ साली मार्शल व ऑल्किन यांच्या ग्रंथामुळे ही संकल्पना संख्याशास्त्रज्ञांमध्ये रुजली. उत्पन्नातील विषमतेचे मापन आणि पुंज माहितीशास्त्र यांतही ती आज वापरली जाते.