आल्फ्रेड वेर्नर
प्लॅटिनमला चिकटलेलें पाणी साधें राहत नाहीं. धातु त्याचे इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून तें हायड्रोजन सहज सोडतें व आम्लधर्मी होतें. असें पाणी धातूशीं थेट जोडलेलें असतें, हें वेर्नर यांनीं १८९३ सालीं मांडलें. फ्रान्समधील म्युलूझ येथें १८६६ सालीं जन्मलेल्या या तरुणाचें वय तेव्हां अवघें २६ होतें, आणि विरोधक होते कोपनहेगनचे मातब्बर यॉर्गेनसेन! आम्हांस कौतुक वाटतें तें हें कीं, यॉर्गेनसेन यांनीं कष्टानें तयार केलेलीं संयुगेंच वेर्नरांना पुराव्यादाखल उपयोगी पडलीं. रेणूंच्या डाव्या-उजव्या रूपांचें श्रेय टीकाकार कार्बनला देत. १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळाल्यावरहि वेर्नर स्वस्थ बसले नाहींत; १९१४ सालीं झुरिच येथें कार्बनरहित कोबाल्ट-संयुगाचीं तशीं रूपें वेगळीं करून त्यांनीं तो वाद मिटविला. १९१९ सालीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, ते निवर्तले.