हार्लो शॅप्ले

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगड पहाडावर जिवती हे गाव आहे. चैत्र-वैशाखातील निरभ्र, अंधाऱ्या रात्री तेथून दक्षिणेकडे पाहिले असता नरतुरंग तारकासमूहात एक पुसट ठिपका दिसतो. तो एकटा तारा नव्हे, लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे. अशा गुच्छांवरूनच हार्लो शॅप्ले यांनी आकाशगंगेतील सूर्याचे स्थान शोधून काढले.

शॅप्ले यांचा जन्म 1885 साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले. लहान वयातच ते एका वृत्तपत्राचे बातमीदार बनले. पुढे वृत्तपत्रविद्या शिकावी म्हणून ते विद्यापीठात गेले. परंतु तो वर्ग सुरू होण्यास अजून वर्षाचा अवकाश होता. तेव्हा त्यांनी खगोलशास्त्र निवडले. यादीतील पहिल्या विषयाचे नाव उच्चारता येईना म्हणून दुसरा घेतला, असे ते गमतीने सांगत.

1914 साली ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत गेले. दिवसा ते तेथील मुंग्यांच्या धावण्याचा वेग मोजीत. ऊन वाढले की मुंग्या किती जलद धावतात, हेही त्यांनी टिपून ठेवले! रात्री मात्र 60 इंची दुर्बीण आणि तारकागुच्छ. सोलन बेली यांनी या गुच्छांत शेकडो रूपविकारी तारे शोधले होते. हे तारे आळीपाळीने फुगतात व आकसतात, आणि त्याबरोबर त्यांचे तेज कमीअधिक होते. बहुतेकांचा फेरा सुमारे अर्ध्या दिवसात पुरा होतो. अशा ताऱ्यांचे मूळचे तेज जवळजवळ सारखेच असते. सारख्या तेजाचे दोन कंदील घेऊन एक दुप्पट अंतरावर ठेवला, तर त्याचा उजेड चौथाई भासतो. त्याच न्यायाने, तारा किती मंद दिसतो यावरून शॅप्ले यांनी गुच्छाचे अंतर काढले.

हे गुच्छ सूर्याभोवती सारखे पसरलेले नव्हते. धनू राशीच्या दिशेस त्यांची दाटी होती. आकाशगंगेचा मध्य तिकडेच असला पाहिजे, असे शॅप्ले यांनी 1918 साली जाहीर केले. सूर्य मध्याजवळ आहे, असे तोवर बहुतेक विद्वान मानीत. तो आता दूर एका बाजूस गेला. शॅप्ले यांचे अंतर मात्र दुपटीहून अधिक भरले होते. ताऱ्यांमधील धूळ प्रकाश मंद करते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. आज ते सुमारे 26,000 प्रकाशवर्षे मानले जाते.

एवढी अवाढव्य आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, अशी त्यांची धारणा होती. 1920 साली वॉशिंग्टन येथे त्यांनी तीच बाजू मांडली. परंतु 1924 साली एडविन हबल यांचे पत्र आले. देवयानीच्या तेजोमेघात एक रूपविकारी तारा सापडला होता, आणि शॅप्ले यांच्याच मापाने तो आकाशगंगेच्या फार बाहेर ठरत होता. आपण कल्पिलेले विश्व मोडले, हे त्यांनी ओळखले. पुढे हार्वर्ड वेधशाळेचे संचालक असता त्यांनी त्या दूरच्या दीर्घिकांचाच अभ्यास आरंभिला, आणि 1932 साली अ‍ॅडलेड एम्स यांच्यासह हजाराहून अधिक दीर्घिकांची सूची प्रसिद्ध केली. 1972 साली त्यांचे निधन झाले.