डॉ. जॉन विल्सन आणि चार अक्षरांचे नाव

जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत गीतांतून यहोवा हे नाव कानी येते. मराठी शास्त्र उघडावे, तर तेथे परमेश्वर असे छापलेले आढळते. हा भेद का, असा प्रश्न श्रोते उपदेशकांस करितात. त्याचा उलगडा व्हावा म्हणून, ज्यांनी मराठी माणसांस हिब्रू भाषेचे दार उघडून दिले, त्या रेव्ह. डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

विल्सनसाहेब स्कॉटलंडातील लॉडर गावी ११ डिसेंबर १८०४ रोजी जन्मले. एडिंबरो येथे विद्या संपादून १८२९ साली ते पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस आले व कोकणात राहून मराठी शिकले. कोकणात व मुंबईत बेने इस्राएल लोकांची वस्ती होती. ते घाण्यावर तेल गाळीत व शब्बाथ पाळीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. ते घरी मराठी बोलत. देव एकच आहे, ही मोशेच्या शास्त्रातील कबुली पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या तोंडी राहिली होती, आणि तिच्यात देवाचे नावही होते. परंतु ज्या लिपीत ती लिहिली आहे, ती थोड्यांसच वाचता येई. त्यांच्यासाठी साहेबांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले.

हिब्रू लिहिताना पूर्वी केवळ व्यंजने लिहीत. आपण म व ल ही दोनच अक्षरे काना, मात्रा, उकार न देता लिहिली, तर माल, मूल की मोल, हे वाचणाऱ्यानेच ओळखावे लागेल. देवाचे नाव योद, हे, वाव, हे अशा चार अक्षरांचे असून ते जुन्या करारात सहा हजार आठशेंहून अधिक वेळा आले आहे. पुढे यहुदी लोक आदरास्तव त्याचा उच्चार करीनासे झाले व त्या ठिकाणी अदोनाय, म्हणजे माझा प्रभू, असे वाचू लागले. ख्रिस्तानंतर काही शतकांनी शास्त्र्यांनी स्वरचिन्हे घातली, तेव्हा वाचकास स्मरण राहावे म्हणून या अक्षरांना अदोनायचे स्वर दिले. एकाची व्यंजने व दुसऱ्याचे स्वर एकत्र वाचल्याने यहोवा हे रूप झाले. मूळ उच्चार याहवे असावा, असे पुष्कळ विद्वान मानितात. त्याचा अर्धा भाग हालेलूया या शब्दात आपल्या नित्य मुखी आहे. याहची स्तुती करा, असा त्याचा अर्थ.

१८४३ साली साहेब सिनाय पर्वताच्या रानातून पॅलेस्टाईनास गेले. त्याच पर्वतापाशी देवाने मोशेस आपले नाव सांगितले, असे शास्त्र म्हणते. तेथे त्या नावाचा संबंध असणे या क्रियापदाशी जोडला आहे. जो आहे, तोच तो. आपल्या अहिराणीत ज्यास शे म्हणतात, त्याच साध्या शब्दाचा हा अर्थ होय.

साहेबांच्या उपदेशाने बेने इस्राएल लोकांपैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. तरी साहेबांनी त्यांस शिकविणे सोडिले नाही. त्या समाजाने विद्या घेतली व आपला धर्म राखिला. पुढे त्यांच्यातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणिले. साहेब १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच निवर्तले.

म्हणून, बंधूंनो, कोणी यहोवा म्हणो, कोणी परमेश्वर. उच्चारावरून मंडळीत तंटा नसावा. नावाचा नाद काळाने झाकिला, अर्थ झाकिला नाही. तो अर्थ ज्यास कळला, त्याने दुसऱ्यास अक्षर शिकविताना तो आपल्याकडे येईल की नाही, याचा हिशेब ठेवू नये.