माळ्यावरून बागेत, बागेतून टेकडीपलीकडे

दिवाणखान्यात वाय-फाय जोरात, पण खुर्ची घेऊन बागेत बसावे तर व्हिडिओ अडकतो, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. बिनतारी लहरी घराबाहेर काढण्याची खटपट मात्र चांगली १३० वर्षे जुनी आहे. ती केली गुलिएल्मो मार्कोनी यांनी, आणि तीही वडिलांच्या घरच्या बागेतच.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जुझेप्पे सधन जमीनदार, आई अ‍ॅनी आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी मिळवली नाही. हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. त्या लहरींवर संदेश पाठवता येईल, ही कल्पना विशीतल्या मार्कोनी यांच्या डोक्यात १८९४ मध्ये घर करून बसली. बोलोन्याजवळच्या पोंतेक्क्यो गावातील व्हिला ग्रिफोने या घराचा माळा त्यांनी ताब्यात घेतला. एके रात्री त्यांनी आईला तिथे नेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाची घंटा तारेविना वाजवून दाखवली. वडिलांना मात्र हा वेळेचा अपव्यय वाटे.

१८९५ च्या उन्हाळ्यात यंत्रे बागेत आली. सुरुवातीला अंतर काही केल्या वाढेना. ठिणगी मोठी करून भागेना. मग मार्कोनी यांनी धातूचा एक पत्रा उंच खांबावर चढवला, दुसरा जमिनीत पुरला आणि पल्ला एकदम वाढला. उंच अँटेनामुळे लहरी लांब झाल्या होत्या, अडथळ्याला वळसा घालू लागल्या होत्या. पुरलेल्या पत्र्यामुळे त्या जमिनीला धरून पुढे सरकत होत्या. संदेश पोहोचला की भाऊ अल्फोन्सो रुमाल हलवून खूण करी. पण घरामागच्या टेकडीपलीकडचा रुमाल कसा दिसणार? म्हणून तिकडे बंदूक नेली. मार्कोनी यांनी कळ दाबली आणि टेकडीमागून बार ऐकू आला. अंतर होते सुमारे दोन किलोमीटर.

आपल्या राउटरची लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात तर त्याच्याही निम्मी. ती टेकडीला वळसा घालू शकत नाही. जाड भिंत तिला अडवते, पावसाने भिजलेली पाने तिला शोषून घेतात. शिवाय मार्कोनी यांना निरोप एकाच दिशेने पाठवायचा होता. इथे मोबाइललाही उत्तर द्यावे लागते, आणि त्याचा आवाज मुळातच क्षीण. म्हणून नुसता दणकट राउटर आणून पैसे वाया जातात. तो कपाटामागून काढून बागेकडच्या खिडकीत, उंचावर ठेवावा आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्टा वापरून पाहावा. रिपीटर बसवायचा तर सिग्नल अजून चांगला आहे अशा जागी. मेलेल्या कोपऱ्यात तो पुढे तरी काय पाठवणार? सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे व्हरांड्यापर्यंत केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे.

१८९६ मध्ये मार्कोनी आईसोबत लंडनला गेले आणि २ जून रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. श्रेय त्यांच्या एकट्याचे नव्हते. त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी फार आखूड लहरी भिंतींपार पाठवून घंटा वाजवली होती. पेटंटच्या धंद्यात मात्र त्यांना फारसा रस नव्हता. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधलेल्या तारेवर अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. १९०९ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. पुढे ते मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले, हा डाग त्यांच्या चरित्रात राहिलाच.

अखेरच्या वर्षांत हृदयविकाराने त्यांना बेजार केले. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभरची रेडिओ केंद्रे दोन मिनिटे गप्प झाली होती. त्यांची समाधी व्हिला ग्रिफोनेच्याच आवारात, घराच्या खालच्या उतारावर आहे.